कवडीमाळ टिंब तुळजापूर

मी ज्या कंपनीत काम करते तिचं ऑफिस पुण्यात आहे, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभरासाठी म्हणून तुळजापूरला आले ती इथंच राहिले. आमच्या घराच्या माडीवर एक टेबल, एक पंखा आणि इंटरनेटची वायर, एवढ्यावर माझं ऑफिस चालतं. तू काय करतेस असं गल्लीत कुणी विचारलं की माझ्याआधी आईच उत्तर द्यायची, "ती फोनमधल्या पैशाचं कायतरी करते."

मी पत्ते करत होते. डिजिटल चलन ठेवायला फोनमध्ये पाकीट असतं आणि प्रत्येक पाकिटाला पत्ता असतो. तो पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक ओळ. यंत्राला ती बरी, माणसाला नाही. पाठ होत नाही, फोनवर सांगता येत नाही, आणि एखादं अक्षर चुकलं की पैसे भलत्याच्या पाकिटात. हे चलन नोटेसारखं आहे, गेलं की गेलं. त्या ओळीच्या जागी माणसाला तोंडानं सांगता येईल असा पत्ता तयार करायचा, मराठीत, देवनागरीत, हे आमच्या पाच जणांच्या गटाचं काम होतं.

मला ते काम फार आवडायचं. कुणी 'दूध' लिहील, कुणी 'दुध', मग दोन्ही एकच धरायचे की वेगळे? जोडाक्षर चुकलं तर? मधल्या ठिपक्याला डॉट म्हणायचं की टिंब? टिंबासाठी मी दोन आठवडे भांडले आणि शेवटी टिंब झालं. वडील शिक्षक होते, त्यांच्याकडून आलेली ही खोड. संध्याकाळी खाली जेवायला गेले की मी अप्पांना दिवसभराची भांडणं सांगायची आणि ते पोळीचा घास हातात धरून शुद्धलेखनाचे नियम सांगायचे.

सगळ्यात मोठं भांडण गावाचं झालं. एकच शब्द हजार जणांना हवा असणार, मग वेगळेपण आणायचं कसं? कुणी म्हणालं, आकडे जोडू. मी म्हणाले, आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आमच्याकडं माणूस गावावरनं ओळखतात. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी विचारतो, "गाव कंचं?" नावाचं नंतर बघू. म्हणून टिंबाच्या पुढं गाव यावं. सगळ्यांना पटलं. गटातली सगळ्यात नवीन मुलगी तेवढी म्हणाली, "प्रत्येकाला आपलं गाव सांगायचं असेलच असं नाही ना?"

"तू शहरात वाढलीस," मी हसून म्हणाले. "इकडं गाव लपवून कोण राहतं?"

सगळे हसले. थोड्या वेळानं तीही हसली.

आणखी एक सोय मीच सुचवली होती. कुणाचा मोबाइल नंबर टाकला की त्याचा पत्ता समोर यावा. म्हणजे पाठवणाऱ्याला आपला माणूस बरोबर आहे याची खात्री पटेल. चुकीच्या हाती पैसे जाऊ नयेत, एवढंच आमच्या डोक्यात होतं. दुसरं काहीच नव्हतं, हे मी आज कुणालाही शपथेवर सांगेन, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही मला कळतं.

एखाद्या लहान गावात हे वापरून बघायचं ठरलं तेव्हा मी तुळजापूर सुचवलं. देवळाच्या वाटेवर हळदीकुंकवाचे ढीग, परड्या, बांगड्या, कवड्यांच्या माळा घेऊन बसणारे किती तरी लोक. रोज परगावची गिऱ्हाइकं. मी दुकानादुकानातून फिरून लोकांना पाकीट उघडून देऊ लागले आणि पत्ते निवडायला मदत करू लागले. लोकांना मजा यायची. एका बांगडीवाल्यानं बायकोला विचारून पत्ता ठरवला आणि पेढे वाटले.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक लॉज आहे. त्याच्या ओट्यावर एक बाई कवड्यांच्या माळा ओवत बसायची. वय पस्तिशीच्या आतबाहेर. दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन आली होती. लॉजच्या चादरी धुवायच्या, त्याबदल्यात मागच्या अंगाला एक खोली, आणि दिवसा माळांचा धंदा. लेक पाचवीत होती. आपण लातूरकडच्या, असं ती सांगायची. तिच्या बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द यायचा. अप्पा एकदा म्हणाले होते, "ही लातूरची नव्हे. उमरगा नाहीतर लोहारा, त्या अंगाची बोली आहे." पण तिला खोदून कुणी विचारलं नाही. देवीच्या गावात कुणीकुणी येऊन राहतं.

मी तिच्यासमोर बसले तेव्हा ती बोटांनी चाचपून कवडीचं भोक शोधत होती. नजर माझ्याकडं आणि हात आपलं काम करत होते.

"माझ्या नावानं नगं," ती म्हणाली.

"मग धंद्याच्या नावानं करू. कवडीमाळ कसं वाटतं?"

तिनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. आवडला असावा. मी तो लिहिला आणि फोन तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत होतं. वाचताना तिचे हात थांबले.

"ह्ये तुळजापूर कशाला?"

"नियम आहे तसा. पत्ता म्हटला की गाव येतंच की."

"नुसतं कवडीमाळ ठिवा की, ताई."

"नुसतं चालत नाही हो. दुसऱ्या गावात दुसरी कवडीमाळ निघाली तर?"

"दुसऱ्या कंच्या गावात कवड्याच्या माळा करत्यात?"

मी हसले. ती हसली नाही. थोडा वेळ फोन हातात धरून बसली आणि मग तिनं विचारलं, "कुनाकुनाला दिसतंय ह्ये?"

"पैसे पाठवणाऱ्याला. बाकी कुणाला नाही."

माझ्या समजुतीप्रमाणं मी खरं बोलले होते. नंबर टाकणारा प्रत्येक जण पैसे पाठवणाराच असणार, असं मी धरून चालले होते. तिनं आणखी काही विचारलं नाही. गिऱ्हाइकं सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायची, त्याला ती कंटाळली होती. "बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणाली. दोन दिवसांनी मी तिला पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात पत्ता छापून दिला. तिनं तो खिळ्याला टांगला. मी फोटो काढायला लागले तशी तिनं मान वळवली. नुसत्या पाटीचाच फोटो आला. तो मी पुण्याला दाखवला. तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नवरात्र झालं, पौर्णिमेची गर्दी ओसरली, आणि त्यानंतरच्या एका मंगळवारी दुपारी आई जिन्यापाशी येऊन मला हाक मारू लागली. "अगं, त्या माळवालीचा नवरा आलाय म्हणं. अप्पांना बोलावलंय तिकडं."

मी तशीच खाली उतरले. लॉजपुढं एक जीप उभी होती. लॉजच्या मालकानं खुर्च्या आणून टाकल्या होत्या आणि तीन माणसं बसली होती. एक तिचा भाऊ, एक नवऱ्याच्या भावकीतले म्हातारे, आणि तिचा नवरा. मी त्याला पहिल्यांदा पाहत होते. साधा माणूस. पांढरा धुतलेला सदरा आणि कपाळभर ताजं कुंकू. आधी दर्शन घेऊन मगच तो इकडं आला होता. आवाज चढवत नव्हता. "माजं लेकरू हाय, माजी बायकू हाय. न्यायला आलोय. काय वाईट बोलतोय का म्या?" असं ज्याला त्याला विचारत होता. आणि बघायला जमलेले लोक माना हलवत होते, कारण तो खरंच वाईट बोलत नव्हता.

अप्पा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या भागात अजून काहीही झालं की गुरुजींना बोलावतात. अप्पांनी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे, बाई?"

"मला जायाचं न्हाय," ती म्हणाली. एकदाच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग भाऊ बोलायला लागला. दोन वर्षं बहिणीचा पत्ता नाही, फोन लावला तर बोलते आणि गाव सांगत नाही, आईनं अंथरूण धरलंय, लोकांना तोंड दाखवायला जागा नाही. म्हातारे म्हणाले, एकटी बाई परगावात ऱ्हाती, हे बरं का? लॉजचा मालक म्हणाला, माझ्या दारात भांडण नको. "मारतो तो मला," असं ती मधेच म्हणाली, पण इतक्या हळू की ते मला ऐकू आलं ते मी जवळ उभी होते म्हणून. अप्पांनीही ऐकलं. ते नवऱ्याकडं वळून म्हणाले, "पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून देशील?"

"आत्ता देतो, गुरुजी."

कागद आला. अप्पांनी त्यांच्या सुंदर अक्षरात मजकूर लिहिला, नवऱ्यानं सही केली, भावानं आणि म्हाताऱ्यांनी साक्षीदार म्हणून केली. मी म्हणाले, "अप्पा, त्यांना जायचं नाही म्हणतायत ना?" अप्पांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. "तू घरी जा," म्हणाले. गेले नाही मी, पण पुन्हा बोललेही नाही. माझं वय तेव्हा काही लहान नव्हतं.

तिची लेक जीपमध्येच होती. मामानं शाळेतून आणून आधीच बसवलं होतं. हातात वेफर्सचं पाकीट होतं आणि ती खात नव्हती. ते दिसल्यावर बाई उठली, खोलीतून एक पिशवी भरून आणली, ओट्यावरच्या कवड्या फडक्यात बांधल्या. मी मदत करायला वाकले तेव्हा ती माझ्या कानाशी बोलली. आवाजात राग नव्हता.

"त्यांनी माजा नंबर टाकला, ताई. त्याच्यावर कवडीमाळ तुळजापूर आलं म्हनं. सरळ जीप करून आले. कुनाला इचारायची बी गरज पडली न्हाय."

जीप गेली. लोक पांगले. मी माडीवर आले आणि आमचं ॲप उघडून तिचा नंबर टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत शब्द समोर आले, तिचा धंदा आणि तिचं गाव. इतकं व्यवस्थित चालत होतं ते.

त्याच दुपारी मी पुण्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी सगळे कॉलवर आले. मी काय घडलं ते सांगितलं. ती नवीन मुलगी एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. निर्णय झाले. नंबरावरून पत्ता दाखवणं बंद करायचं. पुढच्या आवृत्तीत गाव ज्याला हवं त्यानंच लावायचं. जुने पत्ते मात्र तसेच राहतील, ज्यानं त्यानं आपापला बदलायचा. निदान तिचा पत्ता तरी आपण पुसून टाकू, असं मी म्हणाले, तर साहेब म्हणाले की मालकाशिवाय कुणालाही पत्ता पुसता येत नाही, तो नियम लोकांच्या रक्षणासाठीच आहे. तेही बरोबर होतं. पण तिचा फोन आता नवऱ्याच्या खिशात होता. अहवालात मी लिहिलं होतं, 'पत्त्यावरून एका बाईला शोधून, तिच्या मनाविरुद्ध नेण्यात आलं.' छापून आलं तेव्हा तिथं 'एका वापरकर्तीची कौटुंबिक अडचण' असं होतं. मी दोनदा मेल लिहून खोडली. नोकरी सोडली नाही. आईचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

ओट्यावरची तिची जागा चार दिवस रिकामी होती. मग तिथं लिंबूसरबतवाला बसू लागला.

उन्हाळा लागला तेव्हा बातमी आली. लॉजवर भाविकांना घेऊन येणारा एक ड्रायव्हर सास्तूरच्या बाजूचा, त्या बाईच्या सासरच्या अंगाचा होता. त्यानं सांगितलं की त्या बाईचा हात मोडलाय, मनगट आणि वर कोपराजवळ, आणि ती दवाखान्यात आहे. विहिरीच्या पायरीवरून पडली असं घरचे सांगतात. "आमच्या इकडं समद्यांना ठावं हाय," तो म्हणाला, "पायरी कशाची अन् काय."

अप्पांनी कपाट उघडून त्या कागदाची प्रत काढली. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग तिच्या भावाला फोन लावला. समोरून काय बोलणं झालं ते मला अप्पांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "घरातली बाब आहे म्हणतो. तुम्ही लक्ष घालू नका, गुरुजी, म्हणतो."

त्या दिवशी मी त्यांना माझा भाग सांगितला. नंबर कसा, पत्ता कसा, ती गाव नको म्हणत असताना मी ते कसं लावलं. त्यांना सगळं कळायला वेळ लागला. बराच वेळ ते कागदाच्या घडीवरून बोट फिरवत राहिले.

"तू मुद्दाम नाही केलंस," ते म्हणाले.

"तुम्ही पण नाही."

तेवढंच. दोघांपैकी कुणालाही त्यानं बरं वाटलं नाही. अप्पा त्यानंतर गल्लीच्या कुठल्याही भांडणात गेले नाहीत. कुणी बोलवायला आलं तर आई सांगते, त्यांना बरं नाही.

पावसाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, म्या बोलतीया. वळखलं का?"

आवाज ओळखला. माझा नंबर तिला पाठ होता. लिहून कुठं ठेवला असता तर सापडला असता, म्हणून दहाच्या दहा आकडे तिनं पाठ केले होते. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी तिला मदत केली होती आणि प्लास्टर असतानाच ती तिथून परस्पर निघून गेली होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "कुठं हाय म्हनून इचारू नगा. ह्यो फोन बी दुसऱ्याचा हाय."

"नाही विचारत."

"लेकीला आनता आलं न्हाय. ती घरी हुती." थोडा वेळ फोनमध्ये फक्त कुठल्या तरी यंत्राची घरघर ऐकू येत होती. "तुमी एकदा शाळंत जाऊन बघून याल का तिला? लांबनं बघितलं तरी चालंल."

मी दोन दिवसांनी गेले. एसटीनं लोहाऱ्यापर्यंत, तिथून जीपनं सास्तूर, आणि पुढं तिच्या गावाला जाणारी एक मोटारसायकल मिळाली. भूकंपानंतर बांधलेली गावं तिकडं एकासारखी एक आहेत, सरळ रस्ते, घरांच्या ओळी. शाळा सापडायला वेळ लागला नाही. तुळजापूरला ही मुलगी शेजारी राहायची, असं मी तिच्या वर्गाच्या बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात पाठवलं. स्वतः आमच्याकडं पाठ करून दारात उभ्या राहिल्या.

ती उंच झाली होती. मला लगेच ओळखलं तिनं.

"आई तुमच्याकडं हाय?"

"नाही."

"मग कुठं हाय?"

"मला माहीत नाही."

तिनं माझा चेहरा निरखून पाहिला. मोठी माणसं खोटं बोलतात तेव्हा कशी दिसतात हे त्या मुलीला चांगलं माहीत असावं. "पप्पा बी ह्येच इचारत्यात," ती म्हणाली. "मला, मामाला, समद्यांना."

"मला खरंच माहीत नाही गं. आई बरी आहे, एवढंच ठाऊक आहे. तुझी आठवण काढते."

"बरं हाय," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "कळलं तरी मला सांगू नगा. म्या सांगून टाकीन त्यांना."

का सांगशील, असं मी विचारलं नाही. घंटा झाली. मी आणलेला बिस्किटांचा पुडा तिनं तिथंच फोडला, मैत्रिणींना वाटला आणि कागद माझ्याकडं परत दिला. घरी काहीच न्यायचं नव्हतं तिला.

तिच्या आईचा फोन पुढच्या आठवड्यात आला. मी सांगितलं, उंच झालीय, दोन वेण्या घालते, पहिल्या बाकावर बसते. एका वकीलबाईंच्या मदतीनं लेकीसाठी अर्ज केलाय, असं तिनं सांगितलं. आता तारखा पडतील, म्हणाली. हात सरळ होत नाही, सुई धरता येत नाही, म्हणून आता माळांऐवजी दुसरं काम करते. कसलं ते तिनं सांगितलं नाही.

"काय म्हनली ती?" तिनं विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण तिला एकदा माझ्या समजुतीप्रमाणं खरं सांगून झालं होतं, त्यामुळं आता फक्त घडलेलं सांगायचं असं ठरवलं होतं. मग तिनं एवढंच विचारलं,

"पायात चप्पल हुती का तिच्या?"

"होती," मी म्हणाले.

खरं म्हणजे मी पायांकडं बघितलंच नव्हतं.